ढिगावरची पाटी

चित्रांची गुंडाळी पोंभुर्ण्याच्या बाजारातून बैलगाडीवर आली, मिठाच्या पोत्यावर बसून. स्वतंत्र देशातल्या मुलांना आपला देश माहीत असावा म्हणून वरच्या कचेरीनं ती शाळाशाळांना वाटली होती. आमच्या वाट्याच्या गुंडाळीला एका बाजूनं मिठाची ओल लागली होती आणि लाल किल्ला बराचसा पांढरा झाला होता. गुरुजींनी ती अंगणात उन्हात पसरली, कडांवर दगड ठेवले आणि मला म्हणाले, "बाई, हे तुमचं काम. मले नकाशा समजते, इमारती समजत नाई."

गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. मालगुजाराच्या जुन्या धान्यकोठीत भरणाऱ्या त्या शाळेत शिकवणारे आम्ही दोघंच होतो. ते वरचे दोन वर्ग घेत, मी खालचे दोन. आपण चांदा शहरात वाढलो, याचा त्यांना अभिमान होता आणि बदलीचा अर्ज नाकारला जाण्याची भीती कायम होती. त्यामुळे वरून आलेला कुठलाही कागद ते आधी कपाळाला लावत आणि मग वाचत.

मी तेव्हा बाविशीत होते आणि नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं. नागपूरला विषमज्वरानं गेले. मला रडू आलं नाही. पहिल्या दिवशी आलं नाही, तेराव्याला आलं नाही. शेजारणी सासूबाईंना सांगू लागल्या की हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. म्हणून एक लांबची आत्या खास बोलावून घेतली. ती बिचारी माझ्यासमोर बसून स्वतःच रडून रडून दमली आणि चहा पिऊन गेली. अस्थी मोठ्या दिरांनी नेल्या. कुठल्या नदीत, कुठल्या घाटावर, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही, हेच खरं आहे. आता लोक त्याला धक्का वगैरे म्हणतात. मला तेव्हा एवढंच कळत होतं की जेवण बेचव लागतं आणि माणसं फार मोठ्यानं बोलतात.

लग्नाआधी मी मास्तरकीचं शिक्षण घेतलं होतं, ते वडिलांनी उपयोगात आणलं. झाडीपट्टीत जायला तेव्हा कोणी तयार नसे. वाघ, हिवताप आणि बाराही महिने भात, हे ऐकूनच लोक अर्ज मागे घेत. मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. आसामला जातेस का विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

गाव तलावाच्या पाळीला लागून होतं. निम्मी घरं ढिवरांची, म्हणजे तलावात आणि नदीत मासे धरणाऱ्यांची. उरलेली धान पिकवणाऱ्यांची. पोरं शाळेत यायची ती ओल्या केसांनी आणि अंगाला मासळीचा वास घेऊन. मी कपाळ कोरं ठेवून आले होते, त्यामुळे बायकांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी एक चूल मांडून दिली, वर तांदूळ दिले आणि जास्त चौकशी केली नाही. याबद्दल मी त्या गावाची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशीपासून मी चित्रं शिकवायला घेतली. भिंतीला खिळे नव्हते, म्हणून एकेक चित्र दोन मुलं दोन टोकांना धरून उभी राहत आणि बाकीची पुढे बसत. मी छडीनं दाखवत असे. हा दरवाजा, हा घुमट, हे अमुक बादशहानं बांधलं. मी सांगत असायची आणि माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. पोरं छान ऐकत. छान म्हणजे गप्प बसत. पोरांना बादशहांची नावं आठवत नसत. खरं सांगायचं तर मलाही चित्राच्या पाठीमागे बघावं लागे.

सांचीच्या स्तूपाचं चित्र वर केलं तेव्हा मात्र वर्गात एकदम चुळबुळ झाली.

"हे माहीत हाय आमाले," एक मुलगी मागून म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"गोट्याइचा ढीग हाय बाई. इथी कोनाले तरी वाघानं नेलं असन."

मला काही बोध होईना. मग सगळीच एकदम बोलायला लागली. त्यातून मला जे कळलं ते असं. त्या भागात वाघानं माणूस नेला की तो जिथं सापडतो तिथं घरचे पहिला दगड ठेवतात. दगडाला तिकडे गोटा म्हणतात. पुढे त्या वाटेनं जाणारा प्रत्येक जण, ओळखीचा असो की परका, एक गोटा टाकून मगच पुढे जातो. गोटा नसला तर झाडाची डहाळी. कोणी टाकलं नाही तर मेलेल्याचा जीव वाटेवरच अडकून बसतो. ढीग वाढत गेला की तो हळूहळू निवतो.

"नाही," मी म्हटलं, "याला वाघानं नाही नेलं. हा फार मोठा साधू होता. त्याच्या अस्थी आत ठेवल्या आहेत आणि वरून हे बांधलं आहे."

"मंग कशानं मेला?"

"म्हातारपणानं."

हे कोणालाही पटलं नाही. म्हातारपणानं मेलेल्या माणसासाठी एवढा ढीग करायला लोकांना काय कामधंदा नाही? एका मुलानं चित्राजवळ येऊन नाक लावून पाहिलं आणि मान हलवली. "किती लोकं गेले असन बाई त्या रस्त्यानं!" तो म्हणाला. ते मात्र मला खोडून काढता आलं नाही.

मग प्रत्येक चित्राला तोच प्रश्न सुरू झाला. इथी कोन मेला? ताजमहाल दाखवला तेव्हा मी म्हटलं, राणी. वाघानं? नाही, बाळंतपणात. ते पोरांना माहीत होतं, घरोघरचं होतं. त्यांनी ताजमहाल मान्य केला. कुतुबमिनाराला कोणीच मेलं नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस गेला. उंच आहे म्हणे, असेल. लाल किल्ला राजाचं घर होतं एवढं ऐकून त्यांनी तो गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. मला हसू यायला हवं होतं. गुरुजींना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले, आणि ते हसताहेत म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

मागून बोललेली ती मुलगी दुसरीत होती. अंगानं काटकुळी, केस कायम विंचरायचे राहिलेले. चित्र गुंडाळून झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

"बाई, त्या रानीकडे लोकं अजून जाते?"

"जातात की. देशोदेशीचे जातात."

"अजून?" तिनं पुन्हा विचारलं.

"अजून."

ती समाधानानं गेली. गुरुजींनी मग सांगितलं की हिच्या बापाला दोन वर्षांमागे वाघानं नेलं. पोंभुर्ण्याच्या बाजारात मासे विकून संध्याकाळचा परत येत होता. जुन्या गाडीवाटेच्या वळणावर, मोहाच्या झाडाखाली त्याचा ढीग आहे. पोरगी शाळेत यायच्या आधी तिकडे जाऊन येते आणि लोकांनी नवीन किती टाकले ते बघते.

पुढे कधीतरी तिनं मलाही विचारलं. पाढे म्हणून घेत होते, मध्येच तिचा हात वर. "बाई, तुमच्या घरवाल्याचा ढीग कुठी हाय?"

"नाही ढीग."

"कुठीच नाई?"

"कुठेच नाही. म्हणा, बे एके बे."

तिच्या तोंडावर माझ्याबद्दल जी कीव आली ती मी अजून विसरलेले नाही. मला त्या कीवेचाही राग आला नाही. पाढा पुढे गेला.

माघात रस्त्याचं काम आमच्या गावापाशी आलं. जंगलातलं सागवान लॉरीनं बाहेर काढायला सरळ, पक्का रस्ता हवा होता. जुनी गाडीवाट वेडीवाकडी होती. नवा रस्ता वळण सोडून सरळ पुढे निघणार होता. गावाला आनंद झाला. मजुरी गावातच आली. त्या मुलीची आईसुद्धा गिट्टी फोडायला जाऊ लागली. धानाच्या पेंढीवर बसून दिवसभर हातोडीनं दगड फोडायचा, संध्याकाळी ढीग मोजून द्यायचा.

एक दिवस मुलगी शाळेत आली ती दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर येईना. मग एका दमात म्हणाली, "बाई, रोडवाल्यानं आमच्या बापाच्या ढिगावर चुना मारला. ते गोटे गाडीत भरून नेनार हाय म्हनते."

गुरुजी आणि मी मधल्या सुट्टीत जाऊन पाहिलं. खरं होतं. वळणावरचा ढीग पोरीच्या खांद्याएवढा झाला होता, आणि एका बाजूनं त्यावर चुन्याची फुली होती. रस्त्याच्या तळाला घालायला मोठे दगड लागतात. कामावरचा मिस्त्री सिरोंच्याच्या पलीकडचा, तेलुगू मुलखातला होता. त्याला वाटेच्या कडेला आयता ढीग दिसला, त्यानं फुली मारली. यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. गावच्या मजुरांनी ते दगड उचलायला नकार दिला होता, पण पुढच्या आठवड्यात बाहेरची टोळी येणार होती.

"पाटलाले सांगा," मी म्हटलं. तिकडे राहून माझीही भाषा मधूनमधून घसरत असे.

"सांगतलं," गुरुजी म्हणाले. "पाटील म्हनते सरकारी काम हाय. सरकारच्या गाडीपुढं कोन आडवा पडन?"

मी मुलीच्या आईकडे गेले. ती गिट्टी फोडत होती. तिनं हातोडी थांबवली नाही.

"काय करू बाई," ती म्हणाली. "त्याच रोडाच्या मजुरीनं पोट भरून राह्यलो. पोट्टीले समजावून सांगा तुमी. तुमचं ऐकते ते."

मी समजावलं नाही. काय समजावणार? हा काही तुझा बाप नाही, नुसते दगड आहेत, असं म्हणायचं? तेवढी हुशारी माझ्याजवळ होती, पण तिच्या तोंडावर ती चालवण्याइतका उत्साह नव्हता. ती मुलगी त्या आठवड्यात वर्गात बसायची आणि बाहेर चाकांचा आवाज आला की उठून दाराशी जायची. मी तिला बस म्हणत नसे.

गुरुजींनी तिला बरं वाटावं म्हणून एक दिवस चांद्याची गोष्ट सांगितली. तिथं शहरात गोंड राजाची समाधी आहे. ती त्याच्या राणीनं बांधली. ताजमहालासारखीच, फक्त उलट. "बायकोनं बांधली?" मुलीनं विचारलं. "तिथी गोटे काऊन नाई नेत कोनी?"

"कशी नेतील? सरकारची पाटी लागून हाय ना तिथी. हात लावला तं शिक्षा."

झालं. गुरुजींनी ते बोलायला नको होतं. पोरीनं माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "बाई, तुमाले लिहता येते ना? मंग आमच्या ढिगाले पाटी लावून द्या ना."

मी म्हटलं, बरं.

मी शूर होते म्हणून हो म्हटलं नाही. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, नोकरीची भीती लागते, लोक काय म्हणतील हे लागतं, आणि त्यातलं काहीच त्या दिवसांत माझ्याजवळ शिल्लक नव्हतं. सुन्न माणसाचा तेवढा एक फायदा असतो. भीती सगळी गुरुजींना वाटली.

"सरकारची पाटी आपन लावाची?" ते म्हणाले. "बाई, नोकरी जाईन! माही बदली तं सोडा, पेन्शनबी जाईन!"

"तुम्ही घरी जा, गुरुजी."

ते घरी गेले नाहीत. कोठीच्या मागे जाऊन शाळेचं नाव रंगवून उरलेला निळा आणि पांढरा रंग घेऊन आले, आणि एक सागाची फळी. फळीला रंधा मारलेला होता. वर म्हणाले, "सरकारची पाटी निळीच रायते. चांद्याले पायलं हाय मी. उगी काई काळ्या रंगात लिहाल."

शाळा सुटल्यावर कोठीच्या ओसरीवर आम्ही पाटी रंगवायला बसलो. गुरुजी फळी धरून, मी दातवणाच्या काडीचा कुंचला करून, आणि मुलगी समोर उकिडवी. तिची आई कामावरून येताना थांबली आणि खांबाला टेकून उभी राहिली. मी लिहिलं: हे स्थळ सुरक्षित आहे. येथील दगडास हात लावणारास कायद्याने शिक्षा होईल. हुकमावरून.

"कोनाच्या हुकमावरून?" गुरुजींनी हळूच विचारलं.

"ते लिहायचं नसतं."

गुरुजींना हे पटलं. त्यांनी आयुष्यभर असेच हुकूम पाळले होते.

मग मी मुलीच्या बापाचं नाव मध्ये मोठ्या अक्षरात काढलं. मुलीनं ते एकेक अक्षर लावून वाचलं. आई खांबापासून पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "हे नाव हाय?" मी हो म्हटलं. "मी कधी तोंडानं नाई घेतलं," ती म्हणाली. "लग्नात घेतलं तेवढंच." आणि रंग ओला आहे हे विसरून तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. एक काना पुसट झाला. मी तो पुन्हा काढला.

मीसुद्धा लग्नातच घेतलं होतं, उखाण्यात, बायकांनी दार अडवलं तेव्हा. नंतर कधी नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. तो असतानाही नसतं आणि गेल्यावर तर घ्यायचं कोणासाठी? सही करताना मधलं अक्षर त्यांचं यायचं, तेवढंच.

"खाली जागा हाय बाई," मुलगी म्हणाली.

"असू दे."

"तुमच्यावाल्याचं लिहा ना."

गुरुजींनी फळीवरची नजर उचलली नाही. मी म्हटलं, "ते इथले नव्हते. त्यांना वाघानं नाही नेलं."

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "त्या साधूलेबी नाई नेलं."

मी तिच्या आईकडे पाहिलं. ढीग तिच्या नवऱ्याचा होता, तिची परवानगी लागणार होती. ती म्हणाली, "लिहा जी. एकटाच हाय तो तिथी."

मी कुंचला बुडवला आणि खाली, जरा लहान अक्षरात, नाव लिहिलं. आडनावासकट. शाळेच्या फळ्यावर आजचा सुविचार लिहावा तसं मी ते लिहून टाकलं आणि कुंचला धुवायला उठले. मला तेव्हा माझीच थोडी किळस आली. इतकं करूनही काही वाटू नये, म्हणजे मी आता अशीच राहणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मोहाच्या झाडाला पाटी ठोकली. चुन्याची फुली मुलीनं पाण्यानं घासून काढली. बाहेरची टोळी गाड्या घेऊन आली तेव्हा वर्ग सोडून आम्ही तिथंच होतो, पोरांसकट. पोरांना मी सांगितलं होतं की आज ऐतिहासिक स्थळ बघायचं आहे. ती ओळीनं उभी होती.

मिस्त्री सायकलवरून उतरला आणि पाटी वाचू लागला. त्याला मराठी वाचता येत होतं, पण सावकाश. वाचून झाल्यावर त्यानं आमच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"ये कब लगा?" त्यानं विचारलं.

"अभी लगा," मी म्हटलं.

"कहाँ से आया?"

मी काही बोलायच्या आत गुरुजी दोन पावलं पुढे झाले. त्यांनी टोपी सरळ केली. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होता. "दिल्ली से," ते म्हणाले.

मिस्त्रीनं पाटीवर बोट लावलं. निळा रंग त्याच्या बोटाला लागला. त्यानं ते बोट पाहिलं. मग ढिगाजवळच्या त्या पोरीकडे पाहिलं. ती दोन्ही हात पसरून दगडांना पाठ लावून उभी होती, जणू तेवढ्यानं गाड्या अडणार होत्या. काय चाललंय ते त्याला कळलं असावं. त्यानं धोतराला बोट पुसलं, गाडीवाल्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि गाड्या नाल्याकडे वळल्या. नाल्यात दगड होते, फक्त तिथून चढ होता. दिवसभर त्या चढावर बैल हाकलल्याचा आवाज ऐकू येत होता.

पोरांनी आरडाओरडा केला. मुलीनं खाली वाकून एक गोटा घेतला, ढिगावर ठेवला आणि माझा हात धरून शाळेत आली. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. दिल्लीहून कोणी विचारायला येईल म्हणून महिनाभर ते वाटेकडे डोळे लावून होते. कोणी आलं नाही. दिल्लीला बरीच कामं असावीत.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मी नागपूरला जायला निघाले. मूल या गावच्या स्टेशनापर्यंत बैलगाडी केली. गाडीवान दुसऱ्या गावचा होता, मला ओळखत नव्हता. मी कुठली तरी मास्तरीण, एवढंच त्याला ठाऊक. नवा रस्ता झाला होता, पण त्याची गिट्टी अजून दबली नव्हती आणि बैलांच्या खुरांना टोचत होती. म्हणून त्यानं जुन्याच वाटेनं गाडी घातली.

वळणावर त्यानं न सांगता बैल थांबवले आणि खाली उतरला. वाटेच्या कडेला शोधून एक गोटा घेतला, ढिगावर टाकला, हात जोडले. मग त्याचं लक्ष पाटीकडे गेलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यानं हाताचा आडोसा केला, पण त्याला वाचता येत नसावं, कारण तो परत येऊन मला म्हणाला, "बाई, काय लिवलं हाय?"

"नावं आहेत," मी म्हटलं.

"किती जनाइची?"

मी म्हटलं, "दोघांची."

"हाव का?" तो म्हणाला. "मले वाटलं एकच हाय."

आणि तो परत गेला, खाली वाकला, हातात बसेल असा एक गोटा निवडला आणि माझ्या नवऱ्यासाठी त्या ढिगावर टाकला. पुन्हा हात जोडले, पहिल्याला जोडले होते तेवढाच वेळ. त्याला कोण, कुठला, कशानं गेला, काही माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही.

मी गाडीत बसल्या बसल्या रडायला लागले. पदर तोंडात धरला तरी आवाज थांबेना. गाडीवान घाबरला, पाणी देऊ का म्हणाला, मग बैलांच्या पुढ्यात चारा टाकून वाटेच्या कडेला जाऊन बसला. माझं संपेपर्यंत तो तिथंच बसून होता. गाडी मूलला पोचली तेव्हा रेल्वे निघून गेली होती.